जुन्या घरांवरील सिमेंटचे पत्रे : दुरुस्तीपूर्वी घ्यावयाची दक्षता

पावसाळा तोंडावर आला की गावोगावी छपरांच्या डागडुजीस वेग येतो. फुटके पत्रे उतरविले जातात, नव्या हुकांसाठी भोके पाडली जातात आणि जुने तुकडे गोठ्यामागे टाकले जातात. ही कामे इतकी नित्याची आहेत की त्यांतील धोका सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. बोलीत ज्यांना 'सिमेंटचे पत्रे' म्हणतात, ते बहुधा ॲसबेस्टॉस सिमेंटचे असतात.

ॲसबेस्टॉस हे तंतुमय खनिज होय. ते जळत नाही, कुजत नाही व स्वस्त पडते. मध्य प्रदेशातील कैमोर येथे १९३४ साली अशा पत्र्यांचे उत्पादन सुरू झाले आणि पुढे घरे, शाळा व गोदामे यांवर ते सर्वत्र आले. पत्र्यात ॲसबेस्टॉसचे प्रमाण सुमारे १० टक्के असते; उरलेला भाग मुख्यतः सिमेंटचा. जुने नळ, पाण्याच्या टाक्या व सपाट तक्ते यांतही ते आढळते.

धोका कशात आहे?

अखंड पत्र्यात हे तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. पत्रा फोडला, कापला किंवा घासला म्हणजे ते सुटतात. डोळ्यांस न दिसणारे हे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन रुततात. ॲसबेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हा फुप्फुसावरणाचा कर्करोग यांमुळे उद्भवतो. हे कर्करोग बहुधा २० ते ४० वर्षांनी प्रकट होतात. म्हणून काम करणाऱ्यास त्या दिवशी काहीच जाणवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली या उद्योगातील कामगारांच्या आरोग्याची नोंद ४० वर्षे ठेवण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. ॲसबेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. अनेक देशांत त्यावर बंदी आहे. भारतात मात्र पांढऱ्या ॲसबेस्टॉसचे पत्रे आजही विकले जातात.

कोणती काळजी घ्यावी?

केवळ पाहून ॲसबेस्टॉस ओळखता येत नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते. म्हणून संशय असल्यास ते आहे असेच समजून वागावे. पत्रे सुस्थितीत असल्यास त्यांना हात न लावणे हेच श्रेयस्कर. त्यांवरील शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडू नये.

पत्रे काढणे अपरिहार्य असेल तर ते आधी पाणी शिंपडून ओले करावेत, हूक सोडवून अखंड उतरवावेत व खाली फेकू नयेत. जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही आणि ओला झाल्यास निसरडा होतो. म्हणून त्यावर पाय न देता पराती बांधून काम करावे. तोंडास बांधलेला रुमाल हे तंतू अडवीत नाही. सूक्ष्म कण रोखणारा व चेहऱ्यास घट्ट बसणारा मुखवटा मजुरांस द्यावा. कोरडा झाडू न वापरता ओल्या फडक्याने कचरा गोळा करावा. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत. ते झटकल्याने व धुतल्याने घरातील स्त्रियांना व मुलांना बाधा होऊ शकते.

उतरविलेले पत्रे व तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून त्यावर ठळक सूचना लिहावी. ते कुटून रस्त्यात वा जोत्यात भरू नयेत, जाळू नयेत, नदीनाल्यात टाकू नयेत. टाकाऊ ॲसबेस्टॉस हा घातक कचरा असल्याने त्याच्या विल्हेवाटीबाबत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाकडे विचारणा करावी.

पंचायतीची जबाबदारी

शाळा, अंगणवाडी किंवा समाजमंदिर यांच्या दुरुस्तीचा ठराव करतानाच या खबरदारीच्या अटी व त्यांचा खर्च अंदाजपत्रकात धरावा. शाळेचे काम सुटीत उरकून वर्ग ओल्या फडक्याने पुसून घेतल्यावरच मुलांना आत घ्यावे. मुखवटा व प्लॅस्टिक यांचा खर्च अल्प आहे. तो वाचविल्याची किंमत मात्र पत्रा उतरविणाऱ्या मजुरास आणि वर्गात बसणाऱ्या मुलास अनेक वर्षांनी मोजावी लागेल.