कंप हाताचा, बोल घराण्याला

लग्नाची बोलणी याद्यांपर्यंत आलेली असतात आणि कोपऱ्यात बसलेल्या आजोबांच्या हातातील कपबशी वाजू लागते. 'घराण्यातच आहे वाटते हे!' असे कुणी मोठ्याने म्हणत नाही. पण चार दिवसांनी नकार येतो. शिक्षकी पेशामुळे अनेक घरांशी आमचा संबंध आला. अशी मोडलेली स्थळे आम्ही पाहिली आहेत. म्हणून या शंकेचा विचार करावासा वाटतो.

कंपवात आयुर्वेदाला अपरिचित नाही. १८१७ साली लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. त्यांचेच नाव पुढे या रोगाला मिळाले. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. मग हात कापतो, चाल मंदावते.

हा दोष रक्तातून येतो काय? क्वचित येतो. इटलीतील कोंतुर्सी गावच्या एका घराण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. त्यामागील सदोष जनुक १९९७ साली सापडले. उलट, १९८२ साली कॅलिफोर्नियात चोरून बनविलेले मादक द्रव्य टोचून घेणारे काही तरुण अल्पावधीत पुतळ्यासारखे ताठरले. त्या द्रव्यातील एमपीटीपी या विषाने त्यांच्या नेमक्या याच पेशी मारल्या होत्या. पॅराक्वाटसारख्या तणनाशकांशी वर्षानुवर्षे संबंध आलेल्यांतही हा रोग अधिक आढळतो.

बहुसंख्य रुग्णांत मात्र कोणतेही एक कारण दाखविता येत नाही. वाढते वय, जन्मजात प्रवृत्ती आणि भोवतालची परिस्थिती यांचा तो मेळ असतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील जुळ्या भावांच्या अभ्यासात, पन्नाशीनंतर एकाला कंपवात जडला तरी एकरूप असलेल्या दुसऱ्याला तो सहसा जडला नाही, असे दिसले. मग नातीचे स्थळ कशासाठी मोडावे?

सर्वच रोगांना हा न्याय लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. हंटिंग्टनच्या रोगात एकच जनुक कारण असते आणि रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला धोका निम्मा असतो. तेथे लपवाछपवी नको; तज्ज्ञांचा सल्ला हवा.

तेव्हा आजोबांना पाहुण्यांसमोरून आत नेण्यापेक्षा मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावे. लेव्होडोपासारख्या औषधांनी रोग समूळ जात नसला, तरी हालचाल पुष्कळ सुधारते. आणि बैठकीतली त्यांची जागा त्यांचीच राहू द्यावी. कपबशी वाजली तर वाजो. तिच्या आवाजात लाजण्यासारखे काही नाही.