लाईट आली, सर्व्हर चालू झाला, पण धडे उघडेनात : लिनक्सची सर्व्हिस बूटला का सुरू होत नाही?



परळीचं औष्णिक वीज केंद्र आपल्याच बीड जिल्ह्यात आहे. तरीही वाड्या-तांड्यांवरच्या शाळांना लाईटचं जाणं-येणं काही नवीन नाही, आणि इंटरनेटचा तर भरवसाच नको. अशा ठिकाणी एक उपाय चांगला चालतो. जुना कॉम्प्युटर किंवा रास्पबेरी पाय घ्यायचा आणि त्यावर लिनक्स टाकायचं. मग धड्यांसाठी कोलिब्री आणि विकिपीडिया ऑफलाइन वाचण्यासाठी किविक्स बसवायचं. दोन्ही मोफत आहेत. मुलांचे टॅब वायफायने जोडले की इंटरनेट नसतानाही धडे उघडतात.

ऊसतोडीहून आई-बापाबरोबर परत आलेल्या मुलांना याचा फार उपयोग होतो. सुटलेले धडे त्यांना आपापल्या गतीने बघता येतात, आणि त्यांच्या हातात वर्ष संपायला थोडेच आठवडे असतात. पण लाईट गेली, परत आली, मशीन चालू झालं आणि धडे उघडलेच नाहीत, तर? "सर येतील तेव्हा चालू करतील" असं होतं. जो सर्व्हर एकाच सरांच्या हाताने चालतो, तो त्यांची बदली झाली की कपाटात जातो. म्हणून लाईट आल्यावर सर्व्हर आपोआप उठला पाहिजे. नाही उठला तर कारण कसं शोधायचं, ते आज पाहू.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनवर त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाईप करायच्या. बदल करणाऱ्या कमांडच्या आधी 'सुडो' लावायचं.)

सर्व्हिस म्हणजे काय आणि तिला उठवतं कोण?

पडद्यावर न दिसता मागे सतत चालणारा प्रोग्राम म्हणजे सर्व्हिस. लिनक्स सुरू होताना सगळ्यात आधी एक प्रोग्राम चालू होतो आणि तो बाकीच्यांना उठवतो. आज बहुतेक लिनक्समध्ये हे काम सिस्टमडी करतं. लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ते २०१० मध्ये पुढे आणलं. डेबियन आणि उबंटूने २०१५ मध्ये ते नेहमीसाठी घेतलं. सीडॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच उभं आहे.

पूर्वी प्रोग्राम एकामागे एक, रांगेने सुरू व्हायचे. सिस्टमडी अनेक प्रोग्राम एकदम सुरू करतं. त्यामुळे मशीन लवकर तयार होतं, पण कोण कोणाच्या नंतर यायला हवं, ते आपण लिहून द्यावं लागतं. बूटच्या बऱ्याच तक्रारी इथूनच निघतात.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न

लगेच नवीन इन्स्टॉल करत बसू नका. आधी बघा, हीच सर्व्हिस हाताने सुरू केली तर चालते का?

हातानेही चालत नसेल, तर दोष सर्व्हिसमध्येच आहे. फाइल चुकली असेल, डिस्क भरली असेल किंवा परवानगी नसेल. पण हाताने चालते आणि बूटला चालत नाही, असं असेल तर प्रोग्राम ठीक आहे. मग एवढंच शोधायचं, की बूटच्या वेळी काय नव्हतं जे आत्ता आहे? हा प्रश्न नीट विचारला की निम्मं काम झालं.

तपासणी या क्रमाने करा

१. 'सिस्टमसीटीएल', जागा सोडून दोन डॅश आणि 'फेल्ड'. पडलेल्या सगळ्या सर्व्हिसची यादी मिळते.

२. 'सिस्टमसीटीएल स्टेटस' आणि पुढे सर्व्हिसचं नाव. इथे शब्द नीट वाचा. 'फेल्ड' म्हणजे उठायला गेली आणि पडली. 'इनॅक्टिव्ह' म्हणजे ती आत्ता चालू नाही. बूटपासून तिची एकही नोंद नसेल, तर तिला कोणी उठवलंच नाही. हे दोन वेगळे आजार आहेत.

३. 'जर्नलसीटीएल डॅश बी डॅश यू' आणि नाव. या बूटमधली त्या सर्व्हिसची पूर्ण नोंद दिसते. मागच्या बूटची हवी असेल तर 'डॅश बी' नंतर 'डॅश १' लिहा. ती मिळत नसेल तर नोंदी फक्त मेमरीत राहतात, असं समजा.

रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या मशीनमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. इंटरनेट नसेल तर लाईट आल्यावर तारीख-वेळ मागेच राहते. म्हणून नोंद वेळेवरून न शोधता बूटवरून शोधलेली बरी.

कारण पहिलं : वेळापत्रकात नावच नाही

'स्टार्ट' आणि 'एनेबल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या मॅडमना आजच्या दिवसापुरतं पाचवीवर पाठवलं, तर ते झालं स्टार्ट. वेळापत्रकात पाचवीपुढे त्यांचं नाव लिहिलं, तर ते एनेबल. नुसतं स्टार्ट केलं तर मशीन बंद होईपर्यंतच सर्व्हिस चालते.

'सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड' आणि नाव लिहून बघा. 'डिसेबल्ड' आलं तर 'सिस्टमसीटीएल एनेबल' करा, काम झालं. 'मास्क्ड' आलं तर कोणीतरी तिला कुलूप लावलंय. आधी 'अनमास्क' करा, मग एनेबल.

कारण दुसरं : आधी कळस, मग पाया

सर्व्हिसला जे लागतं ते तयार होण्याआधीच ती सुरू होते आणि पडते. शाळेतलं उदाहरण घेऊ. हजेरी झाल्याशिवाय खिचडीचा तांदूळ मोजता येत नाही. इथे दोन सूचना लागतात. एक, तांदूळ हजेरीनंतर मोजा. दुसरी, हजेरी घ्याच. सर्व्हिस फाइलमध्ये पहिल्या सूचनेला 'आफ्टर' म्हणतात, दुसरीला 'वॉन्ट्स' किंवा 'रिक्वायर्स'. फक्त आफ्टर लिहिलं तर त्याचा अर्थ एवढाच, की हजेरी होणार असेल तर तिच्यानंतर. हजेरीला कोणी आलंच नाही तर तांदूळ तसाच मोजला जातो. म्हणून बहुतेक वेळा दोन्ही ओळी लागतात.

नेटवर्कचंही असंच. 'नेटवर्क टार्गेट' म्हणजे फक्त नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम उठला. मशीनला पत्ता मिळेलच असं नाही. सर्व्हिसला खरंच पत्ता लागत असेल तर 'नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट' लिहावं, आणि तेही दोन्ही ओळींत.

आता हार्ड डिस्कचा नमुना. विकिपीडियाची मोठी फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवली. सर लॉगिन करतात, डिस्क पडद्यावर दिसते, किविक्स हाताने सुरू होतं. लाईट जाऊन आली की मात्र सर्व्हिस पडते. का? कारण डेस्कटॉप ती डिस्क जोडतो तो कोणीतरी लॉगिन केल्यावर! बूटच्या वेळी कोणीच लॉगिन केलेलं नसतं, मग 'मीडिया' फोल्डरमधला तो रस्ताच नसतो. नोंदीत 'नो सच फाइल' असं दिसतं. फाइल तर डोळ्यांसमोर असते, म्हणून आपण चक्रावतो.

उपाय तीन पायऱ्यांचा आहे :

• 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'एफएसटॅब' फाइलमध्ये त्या डिस्कची ओळ लिहा. नाव न देता तिचा यूयूआयडी द्या. तो 'बीएलकेआयडी' कमांडने कळतो.

• त्याच ओळीत 'नोफेल' हा शब्द टाका. तो राहिला आणि एखाद्या दिवशी डिस्क निघालेली असली, तर मशीन साधारण ९० सेकंद वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं. मग कोलिब्रीही नाही आणि काहीच नाही.

• 'सिस्टमसीटीएल एडिट' आणि नाव असं लिहून युनिट विभागात 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' ही ओळ घाला, पुढे डिस्कचा नवा रस्ता. किविक्स सुरू करण्याच्या ओळीतही हाच नवा रस्ता हवा. मग डिस्क जोडल्यावरच किविक्स उठेल. डिस्क नंतर लावली तर मात्र सर्व्हिस हाताने स्टार्ट करावी लागते.

कारण तिसरं : उठली, पण पडली

इथे नोंदीतला शेवटचा आकडा वाचा. २०३ म्हणजे प्रोग्रामची फाइल चालवता आली नाही. रस्ता चुकला किंवा चालवायची परवानगी नाही. २१७ म्हणजे ज्या युजरच्या नावाने चालवायचं तो युजरच मशीनवर नाही. २०० म्हणजे कामाचा फोल्डर सापडला नाही. आपण टर्मिनलवर लिहितो ते शॉर्टकट आणि होम फोल्डरचं चिन्ह सर्व्हिस फाइलमध्ये तसंच चालेल असं धरू नका. पूर्ण रस्ता लिहा.

'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असं आलं तर दोन सर्व्हिस एकाच पोर्टवर भांडतायत. कोलिब्री आपणहून ८०८० घेतं. किविक्सलाही कोणी तेच दिलं तर जो आधी पोचेल तो जिंकतो. म्हणून एक दिवस धडे चालतात, दुसऱ्या दिवशी विकिपीडिया. एकाचा पोर्ट बदला, प्रश्न मिटला.

'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' हा रोग नाही, ते लक्षण आहे. सर्व्हिस १० सेकंदांत ५ वेळा उठायला गेली की सिस्टमडी नाद सोडतं. खरं कारण त्या ओळीच्या वर असतं, तिकडे बघा. डिस्क भरली का, तेही 'डीएफ डॅश एच' करून पाहून घ्या.

'रीस्टार्ट' पुढे 'ऑन-फेल्युअर' आणि 'रीस्टार्टसेक' पुढे १५ लिहिलं तर पडलेली सर्व्हिस दर १५ सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करते. हे लावाच, पण कारण सापडल्यावर. आधी लावलं तर दुखणं झाकलं जातं.

खरी परीक्षा

फाइल स्वतः उघडून बदलली असेल तर 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड' करा. मग मशीन रीबूट करा. कीबोर्डला हात लावू नका, लॉगिन करू नका. पाच मिनिटांनी एखाद्या मुलाच्या हातातल्या टॅबवर धडा उघडून बघा. लॉगिन करून तपासलं तर ती परीक्षाच नाही, कारण लाईट येते तेव्हा लॉगिन करायला तिथे कोणी नसतं.

थेट वायर ओढून तपासू नका. अचानक वीज तुटली की मेमरी कार्ड आणि डेटाबेस खराब होण्याची भीती असते. छोटा यूपीएस लावला तर निदान मशीन नीट बंद करायला वेळ मिळतो.

शेवटी एक कागद लिहून सर्व्हरशेजारी चिकटवा. सर्व्हिसची नावं, टॅबवर टाकायचा पत्ता, डिस्क कुठे जोडायची आणि वरच्या तीन तपासणी कमांड. पासवर्ड तिथे नको, तो मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात ठेवा. सातवी-आठवीच्या दोन मुलांना स्टेटस वाचायला शिकवा. 'फेल्ड' आणि 'इनॅक्टिव्ह' यातला फरक त्यांना सहज कळतो. मग कोणाची बदली झाली तरी सर्व्हर कपाटात जाणार नाही.