बसण्याची दुसरी जागा

‘बसणे’ ह्या निरुपद्रवी क्रियापदास आपल्याकडे जो अर्थ चिकटला आहे, तो कोणास सांगावयास नको. एका व्यापाऱ्याने दुसऱ्यास “आज संध्याकाळी बसू या” असे म्हटले, म्हणजे हिशेबास बसावयाचे की भजनास, अशी शंका ऐकणाऱ्यास येत नाही. ह्या बसण्यापायी ज्याचे दुकान, वाडी आणि घरातील शब्द ही तिन्ही उठून गेली, त्यास बसावयास दुसरी एखादी जागा आहे काय, एवढाच आज आमचा प्रश्न आहे.

तो आम्ही डहाणू-तलासरीच्या मुलखापुरता मांडतो, ह्यास कारण आहे. डहाणूजवळच्या आगरातून उत्तरेस निघालेला मनुष्य एका दिवसात कायद्याच्या तीन तऱ्हा पाहतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याखालीच परवाने मिळतात व दुकाने चालतात. तलासरी ओलांडली की १९६० साली राज्य झाल्यापासून दारूबंदीचे म्हणविणारे गुजरात लागते. आणि त्याच किनाऱ्यावर दमण आहे, जेथे दुकानांस मोकळीक आहे. तीन कायदे झाले, पण पिणारा तिन्हीकडे एकच आहे. कायद्याची आम्ही उपेक्षा करीत नाही. आमचा व्यवसायच कायद्याचा. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले, तेही योग्यच झाले. परंतु दुकान बंद होणे आणि मनुष्य सुटणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुकानावरचा पहारा घरी गेला, म्हणजे रात्री आठ वाजता त्या मनुष्याच्या घशाशी जे भांडण चालू होते त्यात त्याचा वकील कोण?

ह्या प्रश्नास उत्तम उत्तर दिले ते कोणा सरकाराने नव्हे, तर दोन दारुड्यांनी. अमेरिकेतील अ‍ॅक्रन नावाच्या गावी १९३५ साली शेअरबाजारातील एक दलाल व एक शस्त्रवैद्य ह्यांची गाठ पडली. दोघेही दारूने खचलेले. दलालास असे आढळले की, दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत बसले म्हणजे आपली स्वतःची तहान मागे हटते. उपदेशाने नव्हे, तर आपलीच हकीकत सांगितल्याने. एवढ्या एका अनुभवातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना निघाली, आणि १९५० पूर्वीच ती अनेक देशांत गेली. हिंदुस्थानात तिचा पाय १९५७ च्या सुमारास लागला. तिचे येथील मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे. तिला फी नाही. सभासद होण्यास एकच अट आहे : पिणे थांबविण्याची इच्छा. जात, धर्म, पक्ष, मिळकत कोणी विचारीत नाही, आणि आडनाव तर नाहीच नाही.

येथे कोणी म्हणेल, हे परदेशी सोंग आमच्या किनाऱ्यावर कशास? त्यास आम्ही ह्याच किनाऱ्याचा इतिहास दाखवितो. १९२२ साली पालघरच्या कोळी वस्त्यांत देवीच्या शांतीसाठी जे मेळे भरू लागले, ते रानात आदिवासींकडे व तेथून दक्षिण गुजरातेत पसरले. मांडवाखाली हजारो माणसे बसत, अंगात आलेल्यांच्या तोंडून देवी बोले, आणि तिची आज्ञा असे की दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, गुत्तेवाल्या सावकाराच्या दारी जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन ह्या इतिहासकाराने ती हकीकत सविस्तर लिहिली आहे. ज्यांस नागरी सुधारक अडाणी म्हणत होते, त्यांनी चार माणसांत बसून दारूचा त्याग केला. पुढे गुजरातेत कित्येक गावांत सोडलेले आणि पुन्हा धरलेले असे दोन तट पडले. हे असे का झाले ह्याची कारणे पुष्कळ असतील; आमच्या मते एक असे की, देवी वस्तीत येऊन पुढच्या वस्तीस गेली. दारूची इच्छा मात्र रोज येते. वारकऱ्याने गळ्यात माळ घातली तरी दर पंधरवड्यास एकादशी लागते, ते उगीच नव्हे.

बैठकीचे बळ ह्या पुन्हा पुन्हा येण्यात आहे. ठरलेला वार, ठरलेली वेळ, तासा-दीड तासाचे काम. एकजण आरंभ करतो. मग ज्याला बोलावेसे वाटेल तो आपले पहिले नाव सांगून आपली कथा सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, उलटतपासणी तर मुळीच नाही (वकिलास हे फार कठीण जाते). ईश्वराचा उल्लेख येतो, पण ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे मानावा असा. आणि ‘जन्मभर सोडली’ अशी शपथ कोणी घेत नाही. आजचा दिवस नको, एवढेच. जुना सभासद नव्याचा सोबती होतो आणि अडचणीच्या रात्री त्याचा फोन उचलतो. हा असा जामीन की ज्याकडून मुचलका कोणी लिहून घेत नाही. ह्याने गुण येतो काय? २०२० साली २७ अभ्यास व दहा हजारांवर रोगी ह्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ह्या बैठकांकडे पद्धतशीर वळविलेल्यांपैकी वर्षअखेर पूर्ण अलिप्त राहिलेले शंभरात ४२ भरले, इतर मान्य उपचारांत ३५. फरक मोठा नाही, पण बैठक फुकट आहे.

जाणाऱ्यास दोन-तीन गोष्टी आधी कळाव्या. बैठकीच्या जागा व वेळा बदलतात. म्हणून मुंबईच्या कार्यालयाकडून किंवा संघटनेच्या यादीवरून खात्री करून निघावे, आणि आपल्यास मराठी, हिंदी की इंग्रजी बैठक पाहिजे तेही विचारावे. ‘खुली’ बैठक असेल तर सोबत बायको किंवा भाऊ चालतो. ‘बंद’ असेल तर केवळ पिणे सोडू इच्छिणाराच. २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येते, तेव्हा पहिली बैठक विरार-मुंबईच्या बाजूस, ओळखीचा चेहरा नसलेल्या ठिकाणी गाठणे अशक्य नाही. पुष्कळांस पहिल्या वेळी तेच सोपे जाते. फोनवरूनही बैठका होतात. वसईस कृपा फाउंडेशनचे केंद्र आहे. ही संस्था १९८१ पासून काम करते. पुण्याचे मुक्तांगण डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली उभारले. तेथे बाहेर पडलेल्यांच्या पाठपुराव्यावर भर असतो आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. सरकारची १४४४६ ही मदतवाहिनीही आहे.

एक सूचना मात्र ठळकपणे देतो. जो वर्षानुवर्षे रोज पुष्कळ पितो, त्याने घरच्यांच्या आग्रहाने एका दिवसात बाटली फेकू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय कापणे, फेफरे, भ्रम हे होऊ शकते व त्यात मनुष्य दगावतो. असा मनुष्य आधी डॉक्टरकडे न्यावा, बैठक त्यानंतर. घरात कोंडून, दोरीने बांधून सोडविण्याचे जे प्रकार ऐकू येतात, त्यांस आम्ही क्रूरपणा म्हणतो.

आता आमच्या व्यापारी वाचकांविषयी. संघटनेच्या नियमाप्रमाणे दोन-तीन पिणाऱ्यांनी सोडण्यासाठी एकत्र बसावे, की गट झाला. त्यांस लागते काय? पेठेत किंवा स्टेशनाजवळ एक खोली, आठवड्यातून एक संध्याकाळ, काही खुर्च्या आणि चहा. चिकूच्या वाडीतील गोदाम, दुकानामागील खोली, शाळेचा रिकामा वर्ग, ह्यांपैकी काहीही चालेल. देणगी देऊ जाल तर ती घेतली जाणार नाही, कारण बाहेरचा पैसा न घेण्याचा त्यांचा नियम आहे. ते आपसांत टोपी फिरवून भाडे देतील. थोडके का होईना, पण ते घ्यावे. फुकट दिलेल्या खोलीचा मालक पुढे उपदेशक होऊन बसतो, असा आमचा कयास आहे. आणि दुसरे देणे पैशाहून अवघड आहे : त्या दारातून आत गेलेला मनुष्य कोण, हे तोंडातून न काढणे. डहाणूसारख्या गावात गुत्त्यात शिरणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही, पण बाहेर पडण्याची वाट शोधणाऱ्याची चर्चा बाजार उठेपर्यंत चालते. भाड्याची पावती फाडावी ती गटाच्या नावे. खाली कोणाची सही मागू नये.