बेगम बाजारातला श्रावण आणि फसली सन

हैदराबादच्या बेगम बाजारात मारवाडी दुकानदारांचे श्रावणी सोमवार सुरू होतात, तेव्हा मराठी घरांत आषाढाचे पंधरा दिवस उरलेले असतात. मग ‘त्यांचं पंचांग पुढे धावतं’ असा समज होतो. तो चुकीचा आहे. राजस्थानी महिना पौर्णिमेला संपतो, आपला आणि तेलुगू महिना अमावास्येला. त्यामुळे शुद्ध पक्ष दोघांचा एकच, वद्य पक्षाच्या महिन्याचं नाव तेवढं वेगळं. आपली श्रावण वद्य अष्टमी म्हणजे त्यांची भाद्रपद वद्य अष्टमी, आणि कृष्णजन्म त्याच रात्री. गुढीपाडवा आणि उगादीही एकाच दिवशी येतात.

विक्रम संवत सगळीकडे दिवाळीत बदलतो, हाही असाच समज. गुजराती व्यापाऱ्यांचा कार्तिकात बदलतो, मारवाड्यांचा चैत्रात. म्हणून १९ मार्च २०२६च्या पाडव्याला मारवाड्यांचा २०८३ लागला तरी गुजराती वह्यांत दिवाळीपर्यंत २०८२च.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज मात्र फसली सनाचा आहे. निजामाच्या राज्यातला म्हणून तो मुसलमानी धार्मिक सन, असं अनेकांना वाटतं. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं. ते दरसाल अकरा दिवस मागे सरकतं. पीक काही त्याच्यासोबत सरकत नाही, मग सारा वसूल करायचा कधी? म्हणून अकबराच्या काळात ९६३ हिजरीचा आकडा घेऊन पुढची मोजणी सौर वर्षानं सुरू झाली; तोच फसली सन. हैदराबाद संस्थानात वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागे, आणि महिने होते आजूर, बहमन, खुर्दाद, तीर, आबान वगैरे. ही जुनी इराणी नावं पारशी बांधवांच्या पंचांगात आजही आहेत.

कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागद चाळणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसांनी हे नीट ध्यानात घ्यावं, असं मला कळकळीनं वाटतं. इसवी सन काढायला फसलीत सरसकट ५९० मिळवून चालत नाही. निजामाचा भारताशी जैसे थे करार २९ नोव्हेंबर १९४७चा, संस्थान शरण आलं १७ सप्टेंबर १९४८ला. दोन्ही तारखा फसली १३५७मध्येच येतात. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कागदाला ५९० मिळवायचे, जानेवारीपासूनच्या कागदाला ५९१. वर्षाआधी महिना वाचायला हवा.

फसलीवरून इसवी सन काढायचं उत्तरेकडचं कोष्टक तर इथं वापरूच नये. दख्खनेत ही मोजणी शहाजहानच्या काळात सुरू झाली. तोवर हिजरीचा आकडा सौर मोजणीच्या दोनेक वर्षं पुढे गेला होता, आणि दख्खनेनं तोच पुढचा आकडा धरला. उत्तर प्रदेशाच्या खतौनीतलं, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीतलं, फसली १३५९ म्हणजे १९५१-५२; हैदराबादच्या दप्तरात त्याच आकड्याचं वर्ष ऑक्टोबर १९४९मध्ये लागलं. वारसाच्या नोंदीत दोन वर्षांची चूक झाली, तर आजोबांच्या हयातीतला व्यवहार त्यांच्या मृत्यूनंतरचा ठरू शकतो.