माणसांचा बाजार फक्त कामाठीपुऱ्यात भरत नाही

माटुंग्यात मानवी तस्करीचा विषय निघाला की बोलणं लगेच ग्रँट रोडच्या दिशेने वळतं. कामाठीपुरा, फॉकलंड रोड, नेपाळहून आणलेल्या मुली. आपल्याकडे रुईया, पोदार, खालसा, व्हीजेटीआय. आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो नेमका या कॉलेजांमुळेच आहे.

गेल्या काही वर्षांत दलालांना इंग्रजी बोलणारी, कॉम्प्युटरवर हात बसलेली, पासपोर्ट तयार असलेली मुलं हवी असतात. ‘थायलंडमध्ये डेटा एन्ट्री, राहणं-खाणं कंपनीचं’ असा मेसेज येतो. ऑनलाइन मुलाखत होते, तिकीटही हातात पडतं. व्हिसा मात्र पर्यटकाचा. बँकॉकच्या विमानतळावरून निघालेली गाडी ऑफिसात जात नाही. ती सीमेवरच्या माए सोटकडे जाते आणि तिथून मोई नदीपलीकडे, म्यानमारमधल्या म्यावाडी भागात. तिथे पासपोर्ट काढून घेतात. काम असतं सुंदर बाईच्या नावाने खोटं प्रोफाइल उघडून परदेशातल्या एकट्या माणसांना क्रिप्टोत पैसे गुंतवायला लावण्याचं. टार्गेट चुकलं तर मार, निघायचं म्हटलं तर खंडणी. मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा अड्ड्यांतून सुटलेले ५४९ भारतीय दोन दिवसांत परत आणले. पुढच्याच महिन्यात ‘महाराष्ट्र सायबर’ने आणखी साठहून अधिक जणांची सुटका केली आणि दलालांना अटक केली. ‘शिकलेली मुलं फसत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: या धंद्यात गिऱ्हाईक शिक्षणालाच आहे.

यावर हमखास येणारा शेरा म्हणजे, ‘पण तो स्वतःच्या पायांनी गेला ना?’ गेला. कायद्याला त्याने फरक पडत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ (पूर्वीचं भारतीय दंड संहितेतलं ३७०) तीन गोष्टी बघतं: माणसाला भरती केलं, नेलं किंवा ठेवून घेतलं का; धाक, फसवणूक, आमिष किंवा अधिकाराचा गैरवापर झाला का; आणि हेतू पिळवणुकीचा होता का. हे तिन्ही असतील तर पीडिताची संमती गैरलागू, असं कलमातच लिहिलेलं आहे. सीमा ओलांडण्याची अटही त्यात कुठे नाही.

ती नाही हे बरंच आहे. २०२२मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात, उभाडे इथल्या कातकरी वस्तीतली लहान मुलं मेंढपाळांकडे राबायला दिली गेल्याचं उघड झालं. मोबदला काही हजार रुपये आणि एखादी मेंढी. दहा वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला तेव्हा कुठे हे बाहेर आलं. इथे पासपोर्ट नाही, कुंटणखाना नाही. जिल्हा बदलला एवढंच.

पण आपली भीती भलतीकडेच असते. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप आपण झटक्यात पुढे ढकलतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठेचून मारले. भिक्षेकरी होते, बिचारे. खरा दलाल क्वचितच अनोळखी असतो. तो गावचा असतो, नात्यातला असतो, नाहीतर आधी जाऊन आलेला मित्र.

राहिला शरीरविक्रीचा प्रश्न. ती मुळातच गुन्हा आहे, असं बहुतेकांना वाटतं. १९५६चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा कुंटणखाना चालवणं, दलाली, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणं यांना शिक्षा देतो. सज्ञान बाईच्या निव्वळ शरीरविक्रीला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२०मध्ये हेच सांगून तीन तरुणींना सुधारगृहातून सोडायला लावलं. ‘गिऱ्हाइकालाच पकडा, सगळं थांबेल,’ हाही एक आवडता उपाय. पुरती चार लाखही वस्ती नसलेल्या आइसलँडने २००९मध्ये ते करून पाहिलं: विकणारी गुन्हेगार नाही, विकत घेणारा गुन्हेगार. तरी मार्च २०२४मध्ये तिथल्या पोलिसांना रेस्टॉरंटं आणि एका सफाई कंपनीवर छापे घालावे लागले. संशय होता व्हिएतनामी कामगारांच्या तस्करीचा. तो कायदा चुकीचा होता असं नाही. पण भांडी घासणाऱ्या माणसापर्यंत तो पोहोचणार कसा?

परदेशी नोकरीची ऑफर घरात आली असेल तर एजंट सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते पाहावं. नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. पर्यटक व्हिसावर नोकरी होत नाही, मग एजंट कितीही गोड बोलो.

आणि कोणी बेपत्ता झालंच, तर ‘चोवीस तास थांबा’ असा नियम नाही. मूल हरवल्यास ताबडतोब गुन्हा नोंदवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा आदेश आहे. मुलांसाठी १०९८, एरवी ११२. ‘घटना आमच्या हद्दीतली नाही’ हेही उत्तर चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. मुलगा बँकॉकला उतरल्यावर गप्प झाला असेल, तरी तक्रार माटुंगा पोलीस ठाण्यात देता येते.