नाउरू : कायदा आहे, आसरा नाही

प्रशांत महासागरातले नाउरू जेमतेम २१ चौरस किलोमीटरचे. तिथल्या निर्वासितांबद्दल बोलताना अनेक गोष्टी चुकीच्या सांगितल्या जातात.

गैरसमज : हे लोक स्वतःहून नाउरूला आले.
वस्तुस्थिती : ते ऑस्ट्रेलियाला निघाले होते. इराणी, अफगाण, श्रीलंकेतले तमिळ, रोहिंग्या. होडीने येणाऱ्यांना ऑस्ट्रेलियाने अडवून नाउरूला नेले. आधी २००१ ते २००८, मग पुन्हा २०१२ पासून. कामधंद्यासाठी निघालेले म्हणून त्यांची हेटाळणी होते, पण छाननीनंतर बहुसंख्य लोक खरे निर्वासितच ठरले.

गैरसमज : तिथे कायदाच नाही.
वस्तुस्थिती : आहे, आणि हे आपण भारतीयांनी विशेष लक्षात घ्यावे. १९५१च्या निर्वासित करारात भारत आजही सामील नाही. नाउरू २०११ मध्ये झाले. २०१२ मध्ये त्यांनी स्वतंत्र कायदा केला. अर्ज फेटाळला तर न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, पुढे कायद्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात. त्याहीवरचे अपील एका जुन्या करारामुळे थेट ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात जाई, आणि तिथे काही निर्वासितांनी खटले जिंकलेही. २०१८ मध्ये नाउरूने तो करार संपवला आणि स्वतःचे अपील न्यायालय स्थापले. माझ्या मते बाहेरच्या, स्वतंत्र नजरेचा तो आधार जाणे हे मोठे नुकसान होते.

गैरसमज : निर्वासित ठरले की ऑस्ट्रेलियाचे दार उघडते.
वस्तुस्थिती : उघडत नाही. १९ जुलै २०१३ रोजी ऑस्ट्रेलियाने जाहीर केले की, यापुढे होडीने आलेल्या कोणालाही तिथे वसू दिले जाणार नाही. नाउरूने दिला तो मुदतीचा परवाना. पुढे काहींना अमेरिकेने, काहींना न्यूझीलंडने घेतले. तोवर वर्षे गेली. लहान मुलांचे बालपण त्या बेटावरच सरले.

गैरसमज : माणसे दुसऱ्या देशात पाठवली की जबाबदारी संपली.
वस्तुस्थिती : जानेवारी २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने नेमके उलटे सांगितले. नाउरूत अल्पवयीन मुलांना, निर्वासित म्हणून मान्यता मिळाल्यावरही, डांबून ठेवले गेले. त्याला ऑस्ट्रेलियाच जबाबदार, असा समितीचा निष्कर्ष आहे. तरीही त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने नाउरूशी नवा समझोता केला. या वेळी व्हिसा रद्द झालेल्या, पण मायदेशी धाडता न येणाऱ्या माणसांसाठी.