लहान कॉलेज आणि विद्यार्थ्याची वाट

शाळा संपल्यावर पुढें कोठें जावें, हा प्रश्न आम्हां सर्वांच्या घरीं उभा राहतो. १९४७ पूर्वीं नगरच्या मुलास कॉलेजासाठीं पुणें किंवा मुंबई गांठावी लागे. पुणें सुमारें १२० किलोमीटर दूर. खोलीभाडें व खाणावळ यांचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्यास झेपत नसे. पुष्कळ मुलींचें शिक्षण तर तेथेंच थांबे. त्या वर्षीं डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं अहमदनगर कॉलेज स्थापिलें. त्याच वर्षीं साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं छत्रपति शिवाजी कॉलेज काढलें. तेथें विद्यार्थी श्रम करून शिकत. नगरचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. कॉलेज आतां पुष्कळ वाढलें आहे.

लहान कॉलेजाचा लाभ कोणता? अध्यापक विद्यार्थ्यास नांवानें ओळखूं शकतात. तो दोन दिवस दिसला नाहीं, तर चौकशी होते. वसतिगृहांत जामखेडचा मुलगा पारनेरच्या मुलाशेजारीं जेवावयास बसतो; एकाचें गणित पक्कें, दुसऱ्याचें इंग्रजी, म्हणून दोघेही पुढें सरकतात. आपला कल कोठें आहे, हें अशा सहवासांतच उमगतें.

परंतु ही सोबत आपोआप लाभत नाहीं. तास संपतांच जो घरचा रस्ता धरतो, तो लहान कॉलेजांतही एकटाच राहतो. शिवाय तेथें विषय थोडे असूं शकतात; इच्छित विषय शिकवितात कीं नाहीं, हें पालकांनीं आधीं पाहावें. तो असेल, तर केवळ मोठ्या नांवासाठीं मुलास दूर धाडण्याची घाई करूं नये, असें आम्हांस वाटतें.